मागच्या सीटखालचा पत्रा

जुन्या गाड्यांचा पत्रा सगळ्यात जास्त कापला गेला तो गाण्यांच्या हौसेपायी. ऐंशी-नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या फिएटींमध्ये कॅसेट प्लेयर आले आणि त्यांच्या मागोमाग आले सहा बाय नऊ इंची लंबगोल स्पीकर. ते बसवायला मागच्या काचेखालचा ट्रे सगळ्यात सोयीचा. म्युझिकवाला पोरगा छन्नी-हातोडी घेऊन मागे शिरायचा, दोन मोठी भोकं पाडायचा, वरून जाळी ठोकायचा आणि संध्याकाळी मालक गाणी ऐकत घरी जायचा. मग गॅसकिटवाले आले. एसीवाले आले. रुंद टायरची फॅशन आली तेव्हा मडगार्डच्या आतल्या कडा ग्राइंडरनं उडवल्या गेल्या. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं गाडी कापली आणि पैसे घेऊन तो मोकळा झाला. त्या कापाकापीचा हिशेब तीस-चाळीस वर्षांनी निघतो. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला एका बोळात गॅरेज चालवणाऱ्या एका मिस्त्रीचं निम्मं आयुष्य हा हिशेब निस्तरण्यात गेलं आहे.

मिस्त्री साठीच्या पुढचा आहे. शाळा आठवीत सुटली आणि चुलत्याच्या गॅरेजात तो डेंटिंगला लागला. तेव्हा चारचाकी म्हणजे फिएट, अ‍ॅम्बॅसिडर, जीप आणि क्वचित एखादी स्टँडर्ड हेराल्ड. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फिएटवर त्याचा हात बसला. अजूनही ती गाडी दारात आली की तो आधी खाली वाकून तिचं बूड बघतो, मग मालकाकडे. नव्या गाड्यांचं काम त्यानं मुलाकडे सोपवलं आहे. त्यात ठोकायचं फार कमी. कंपनीचा तुकडा मागवायचा, जुना काढून नवा लावायचा, विम्यासाठी फोटो पाठवायचे. म्हातारा त्यात रमत नाही.

गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे एक वेगळीच मागणी येऊ लागली. जुन्या गाडीला मागच्या सीटवर पट्टे लावून द्या.

कोथरूडच्या एक बाई त्यांच्या वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन आल्या, त्यासुद्धा एवढ्याचसाठी. वडिलांनी नंबर लावून, कित्येक वर्षं वाट बघून मिळवलेली ही गाडी. फिकट निळा रंग, क्रोमचे बंपर, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, सगळं जागच्या जागी. रविवारी दोन्ही मुलांना मागे बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं, एवढीच हौस.

“मिस्त्रीकाका, बाकी गाडी छान आहे. मागे फक्त दोन पट्टे लावून द्या.”

“ताई, पट्टा तासाभरात लागतो. तो कशाला लावायचा ते आधी बघू. मला सीट काढू द्या.”

ही मागणी वाढली त्याला कारण आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या मर्सिडीजमध्ये होते ती कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. तोवर मागचा पट्टा म्हणजे सीटच्या फटीत कोंबून ठेवायची वस्तू, असंच बहुतेकांच्या डोक्यात होतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा केला. कायदा आधीपासून होताच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब मध्ये पट्टा न लावल्याबद्दल हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना बसवलं तरी तेवढाच.

पण पद्मिनीला हा नियम लागू करायचा तर पट्टा हवा ना! आपल्याकडे कारखान्यांना पुढच्या सीटचे पट्टे देणं बंधनकारक झालं १९९४ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत मागचे सोडाच, पुढचेही पट्टे नसायचे. तीन ठिकाणी पकड असलेला, छातीवरून तिरका आणि कमरेवरून आडवा जाणारा पट्टा व्हॉल्वोचा इंजिनिअर नील्स बोलिन यानं १९५९ साली गाडीत आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. तरी जगभर मागच्या सीटची पाळी उशिराच आली. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींच्या सगळ्या सीटना पट्टे आले. ब्रिटनमध्ये पुढच्या पट्ट्यांसाठी पकडी १९६५ पासून आल्या, मागच्या पट्ट्यांसाठी मात्र ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे रॅलीत मिरवणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या, मग त्या मॉरिस असोत नाहीतर फिएट, मागच्या पट्ट्यांचा विचार न करताच बनलेल्या आहेत.

मिस्त्रीनं सीटची गादी उचलली. पद्मिनीची मागची गादी नुसती बसवलेली असते; पुढून धक्का देऊन वर ओढली की हातात येते. खाली चिंध्या, एक काळवंडलेलं दहा पैशांचं नाणं, पेन्सिलीचे तुकडे आणि काळ्या डांबरी लेपाचा जाड थर. हा काळा लेप मिस्त्रीच्या मते जुन्या गाडीतली सगळ्यात संशयास्पद गोष्ट. लेप पत्रा वाचवायलाही लावतात आणि लपवायलाही. त्यानं खिशातून एक साधा लोहचुंबक काढला, फडक्यात गुंडाळला आणि फ्लोअरवरून हळूहळू फिरवला. चांगल्या पत्र्यावर चुंबक ओढ देतो. चाकाच्या कमानीजवळ वीतभर जागेत ओढ एकदम संपली. तिथे त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. बाकी ठिकाणी टणक आवाज येत होता, तिथे भद्द आला. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक टेकवलं, फारसा जोरही दिला नाही, आणि टोक आरपार गेलं.

आत निघाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, पॉप रिव्हेटनं ठोकलेली, कडेनं एम-सील, वर पुट्टी आणि त्यावर डांबर. पूर्वी कुणीतरी फ्लोअरचं काम ‘करून’ दिलं होतं. लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम चिकटवलं तरी दोन थरांच्या मध्ये ओल साठतेच, आणि ती ओल लोखंडाला गंजवते. त्या पट्टीच्या भोवतीचा मूळ पत्रा कुरतडल्यासारखा झाला होता.

पाठीची गादी काढल्यावर दुसरं प्रकरण दिसलं. वरच्या ट्रेला दोन लंबगोल भोकं होतीच. शिवाय गॅसकिट बसवताना डिकी आणि सीट यांच्यामधला पत्रा एका बाजूला चौकोनी कापलेला होता, नळी जाण्यासाठी. नळी जाते दोन बोटांच्या भोकातून. कापलं होतं हातभर. पुढे किट काढलं गेलं, सिलिंडर विकला गेला, खिंडार तसंच राहिलं आणि त्यावर पुठ्ठा लावून रेक्झिन चढवलं गेलं. गाडी छान होती, यात ताईंची काही चूक नव्हती. रेक्झिनच्या मागे कोण बघतं?

इथे फिएटची रचना समजून घेतली पाहिजे. १९५३ साली इटलीत आलेली नवी फिएट अकराशे, जिचं पुढचं रूप म्हणजे पद्मिनी, ही वेगळी चेसी नसलेली गाडी. आपल्याकडे तिच्या सुरुवातीच्या गुबगुबीत अवताराला लोक ‘डुक्कर फिएट’ म्हणायचे. जीपला किंवा हेराल्डला खाली चेसी असते, वरची बॉडी तिच्यावर बोल्टनं बसते. फिएटमध्ये फ्लोअर, दरवाज्याखालचे डबे, खांब, टप, मागचा ट्रे, सीटमागचा पत्रा हे सगळं मिळूनच गाडी ताठ उभी राहते. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून काढली की ते हातात पिळवटायला लागतं, तसंच हे. अशा गाडीच्या ट्रेला दोन भोकं आणि सीटमागच्या पत्र्याला खिंडार पाडलं तर ती लगेच मोडत नाही. पण खड्ड्यातून जाताना दरवाजे कुरकुरायला लागतात, मागच्या काचेचं रबर पाणी धरतं, आणि पाणी धरलं की गंजाचं पुढचं काम सुरू.

पट्ट्याचा प्रश्न याहून मोठा. सत्तर किलोचा माणूस ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगानं चालला आहे आणि गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरलं, तर त्या माणसाला सीटवर धरून ठेवायला जवळजवळ एक टनाचा जोर लागतो. हा सगळा जोर पट्ट्यातून तीन बोल्टांवर आणि बोल्टांतून पत्र्यावर येतो. फिएटच्या फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. त्याला भोक पाडून नुसता वॉशर लावून बोल्ट आवळला तर पट्टा तुटणार नाही, बोल्टही तुटणार नाही. वॉशरसकट बोल्ट पत्रा फाडून बाहेर येईल. कारखान्यात पट्ट्याच्या पकडी तपासतात तेव्हा छातीच्या आणि कमरेच्या अशा दोन्ही भागांना प्रत्येकी सुमारे १,३७५ किलो वजनाइतका ताण देऊन ओढतात. पुण्यातल्या टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या मान्यतेसाठी अशा चाचण्या होतात. पण त्या चाचणीत पत्रा वाकतो, कधी फाटतो. एकुलत्या एका पद्मिनीला तिथे नेऊन ओढून बघता येत नाही. म्हणून मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो, “माझ्या कामाला कंपनीचं सर्टिफिकेट नाही. नव्या गाडीची बरोबरी होणार नाही. काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं, एवढं मात्र करून देतो.” हे ऐकून काही जण दुसरीकडे जातात. त्याला त्याचं काही वाटत नाही.

ताई थांबल्या. मग काम सुरू झालं ते पट्ट्याचं नव्हे, पत्र्याचं.

आधी बॅटरीची वायर सोडली. पेट्रोलची टाकी मागे असते. ती रिकामी करून उतरवली आणि गॅरेजच्या बाहेर, लांब ठेवली. याबाबतीत मिस्त्री अतिशय कर्मठ. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून वाईट, कारण आत वाफ असते. आतलं छताचं कापड उतरवलं, काचेवर ओलं गोणपाट टाकलं, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. पोरं घाई करतात म्हणून हे सगळं तो स्वतः बघतो.

सडलेला पत्रा कापताना हात आखडता घेऊन चालत नाही. गंज जिथे दिसतो तिथे संपत नाही, त्याच्या पलीकडे दोन बोटं तरी पत्रा आतून पातळ झालेला असतो. ग्राइंडरनं रंग काढून चकचकीत धातू लागेपर्यंत जायचं आणि तिथून कापायचं. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवायचे. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि काही वर्षांनी तिथूनच चीर निघते. दरवाज्याखालचा डबाही थोडा खाल्लेला निघाला. तो कापण्याआधी मिस्त्रीनं दरवाज्याच्या मोकळ्या चौकटीत दोन लोखंडी पाइप आडवे टाके मारून धरले. हे केलं नाही तर डबा कापताक्षणी गाडी मधून बसते आणि नवा डबा कितीही सुंदर लावला तरी दरवाजा पुन्हा लागत नाही. अशा बसलेल्या गाड्या त्याच्याकडे येतात. दरवाजा उचलून लावावा लागतो, आणि मालक बिजागरी बदलून बदलून थकलेला असतो.

नव्या तुकड्याचा साचा त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापला. फ्लोअरवर धरला, कडेनं पेन्सिल फिरवली, पुन्हा कापला, पुन्हा धरला. मग तो मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यावर उतरवला आणि कात्रीनं काढला. मूळ फ्लोअरला उठाव असतात, पत्रा ताठ राहावा म्हणून दाबून काढलेल्या लांब पन्हळी. सपाट तुकडा लावला तर तो पायाखाली डबडबतो. त्या पन्हळी हातानं काढण्यासाठी मिस्त्रीकडे बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा आहे, त्यात त्यानंच खाचा केलेल्या आहेत. पत्रा त्यावर ठेवायचा, बोथट सुंब्यानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलके ठोके देत जायचं. एका जागी जोरात मारलं की पत्रा ताणला जातो आणि उलट बाजूला फुगा येतो. तो काढायचा म्हणजे ती जागा लाल करून ओलं फडकं दाबायचं, थंड होताना पत्रा आवळतो. पण ज्याला हे करावं लागतं त्याचा हात अजून तयार नाही, असं त्याचं मत. पोरांना ते पटत नाही.

तुकडा बसला तो जुन्या पत्र्याच्या कडेला कड लावून. मध्ये जेमतेम ब्लेडच्या पात्याएवढी फट. पत्र्यावर पत्रा चढवून जोडणं सोपं, पण दोन थरांच्या मध्ये पाणी बसतं. पूर्वी हे सगळं गॅसनं व्हायचं. आता सीओटू मशीनवर बारीक तारेनं टाके मारतात. एक टाका इथे, पुढचा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये. दोन टाक्यांमध्ये तो थांबतो आणि उलटा हात पत्र्यावर ठेवून बघतो. हाताला सोसवलं तर पुढचा टाका. सलग ओढत गेलं तर एवढा पातळ पत्रा तापून लाटा धरतो. समोरच्या कट्ट्यावर बसून बघणाऱ्याला वाटतं, मिस्त्री नुसता बसला आहे. काम मात्र त्या बसण्यातच होत असतं.

वरच्या ट्रेची भोकं बुजवताना ताईंनी एकच शंका काढली. नव्या गाडीतही ट्रेला स्पीकर असतातच की! असतात, पण तिथे भोकाच्या कडा दाबून वळवलेल्या असतात, त्या कडेमुळे ताठपणा टिकतो. छन्नीनं कापलेल्या भोकाला कडच नसते. शिवाय पट्ट्याचे रीळ ट्रेवर बसवायचे असं बरेच जण सुचवतात, ते मिस्त्रीला मान्य नाही. फिएटचा ट्रे बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या बराच खाली येतो. तिथून पट्टा वर खांद्यावर आणि मग छातीवर आला, तर धडकेत तो खांदा खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर जातो. वरची पकड खांद्याच्या उंचीला किंवा थोडी वरच हवी. म्हणून ती घ्यायची मागच्या काचेशेजारच्या खांबात.

खांब आतून पोकळ. त्याचा आतला पत्रा वीतभर उघडून मिस्त्रीनं आत तीन मिलिमीटर जाडीची पट्टी बसवली, सुमारे अडीच इंच चौरस, कोपरे आणि कडा गोल केलेल्या, म्हणजे ताण आला तर पट्टीची धारच पत्रा कापणार नाही. पट्टीच्या मागे नट वेल्ड केलेला. पट्ट्याच्या बोल्टचे आटे जगभर बहुतेक एकाच मापाचे असतात, सात-सोळांश इंच, बारीक आट्याचे. हार्डवेअरच्या दुकानात त्या जाडीचा कुठलाही बोल्ट मिळतो आणि तोच घेऊन येणारे लोक आहेत. मिस्त्री पट्ट्यासोबत आलेलाच बोल्ट वापरतो, नाहीतर डोक्यावर ८.८ चा शिक्का बघून घेतो. खालच्या पकडी चाकाच्या कमानीजवळ आणि मधल्या बोगद्याच्या बाजूला, नव्या पत्र्याखाली तशाच पट्ट्या लावून. तिथेही कोन बघावा लागतो. कमरेचा पट्टा मांडीच्या वरून, ओटीपोटाच्या हाडावरून गेला पाहिजे. पकड फार मागे गेली की पट्टा आडवा होऊन पोटावर चढतो आणि आतड्यांना इजा करतो. मुलांच्या बाबतीत हे आणखी खरं. उंची दीड मीटर होईपर्यंत मुलाला खाली उंचवटा देणारी सीट हवी, आणि त्या सीटलाही तीन ठिकाणी पकड असलेलाच पट्टा लागतो. मधल्या माणसाला नुसता कमरेचा पट्टा लावून देता का, असं कुणी विचारलं तर मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं. मधे कुणी बसवूच नका.

एक गोष्ट मात्र पत्र्याची नव्हती, गादीची होती. पद्मिनीची गादी स्प्रिंगची, चाळीस वर्षांत दबलेली. धडकेत माणूस अशा गादीत रुततो आणि पट्ट्याखालून पुढे घसरतो. म्हणून गादी शेजारच्या कुशनवाल्याकडे गेली, स्प्रिंग कसून आणि वर कडक फोम घालून परत आली. त्यावर मूळ रंगाचंच रेक्झिन चढलं.

आता पट्टे. नाना पेठेत नवे मिळतात, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात ठोकलेल्या गाड्यांचे मिळतात, पाव किमतीत. मिस्त्रीनं एकदा असा एक स्वस्तातला पट्टा एका गिऱ्हाइकाच्या हातून घेतला आणि गॅरेजच्या दारात उजेडात उलगडला. पहिले दोन हात ठीक. पुढे एका जागी विणीची कड लाटेसारखी झाली होती, आणि पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या कड्यातून जातो त्यावर घासून वितळल्याची चकाकी होती. हा पट्टा एका धडकेत आपलं काम करून बसला आहे. धागे ताणले गेलेत, दुसऱ्यांदा तो तेवढा ताण घेणार नाही. मिस्त्रीनं तो कात्रीनं मधोमध कापला आणि मगच परत दिला. गिऱ्हाईक चिडलं. पण न कापता दिला असता तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत गेला असता.

रीळवाल्या पट्ट्याची आणखी एक खोड आहे. धक्का बसला की तो आत एका लोलकानं किंवा गोळीनं अडतो, म्हणून रीळ ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. वाकडं बसवलं तर पट्टा उभ्या गाडीतही अडकून बसतो, ओढता ओढत नाही, आणि मग माणसं कंटाळून लावायचंच सोडतात. ताईंच्या गाडीत खांबाच्या तळाशी रीळ सरळ बसावं म्हणून मिस्त्रीनं एक छोटा ब्रॅकेट वाकवून घेतला. त्या ब्रॅकेटवर त्याचा जितका वेळ गेला, तितका रंगावर गेला नाही.

रंगाआधी वेल्डच्या सांध्यांना सीलर, मग रेड ऑक्साइड, बंद डब्यांच्या आत मेणाचा फवारा, आणि खालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी. हे भोकांचं काम कुणी मागत नाही. गाडी धुणारी माणसं आणि डांबर मारणारी माणसं मिळून ती बुजवतात, पावसाळ्यात डब्यात पाणी साचतं आणि पत्रा आतून जातो. मुंबईच्या गाड्यांना वर खारी हवा. मुंबईची पद्मिनी पुण्यात विकायला येते तेव्हा मिस्त्री आधी डब्यांखाली बोट घालून बघतो.

मूळ रूपाचं काय, असं विचारणारे लोक हल्ली वाढले आहेत. २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या फिएटचे काही मालक पट्टे नकोत म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे. ती गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला जाणार. पण जी गाडी दर रविवारी मुलांना घेऊन निघते तिच्या बाबतीत मूळ रूपाचा आग्रह म्हणजे नसती हौस. पट्टे बोल्टनं काढता येतात, आतली पट्टी कुणाला दिसत नाही. ट्रेला पडलेली भोकं बुजवून उलट गाडी मूळ रूपाच्या जवळच गेली.

बिलाच्या वेळी नेहमीचं नाटक झालं. ताईंचे यजमान म्हणाले, पट्ट्यांचा खर्च एवढासा आणि पत्र्याचा एवढा? दिसत तर काहीच नाही. मिस्त्रीनं फोन काढला आणि फोटो दाखवले: आरपार गेलेला स्क्रूड्रायव्हर, रिव्हेटची पट्टी, उघडा खांब, आतला नट. रंग मारल्यावर हे सगळं झाकलं जातं, म्हणून तो हल्ली प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवतो. गिऱ्हाईक चकाकीला पैसे देतं, झाकलेल्या कामाला देताना हात आखडतो, ही त्याची जुनी तक्रार. यजमानांनी फोटो शांतपणे बघितले आणि पैसे दिले.

सगळेच देत नाहीत. एका अ‍ॅम्बॅसिडरचं फ्लोअर पूर्ण गेलेलं होतं. पत्र्याचं काम केल्याशिवाय पट्टे लावायला मिस्त्रीनं नकार दिला. तीच गाडी पुढे दुसऱ्या गॅरेजातून पट्टे लावून आली, हॉर्नच्या दुरुस्तीसाठी. मालकानं कौतुकानं दाखवलं. कमरेच्या पट्ट्याचं एक टोक सीटच्या लाकडी फळीला आणि दुसरं पत्र्याला स्क्रूनं लावलेलं होतं. मिस्त्रीनं हॉर्न दुरुस्त केला, पैसे घेतले नाहीत आणि मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, ते पट्टे काढून टाका. पट्टा आहे म्हणून माणूस निर्धास्त बसतो, आणि वेळ आली की तो पट्टा माणसाबरोबर पुढे येतो.

ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत पट्ट्याच्या पकडीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला असेल तर गाडी नापास होते. आपल्याकडे जुन्या गाडीचं फिटनेस बघताना सीट उचलून फ्लोअरला चुंबक लावणारा अधिकारी मिस्त्रीनं अजून पाहिलेला नाही. त्यामुळे ते मालकालाच करावं लागतं. तुमच्याकडे एखादी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसिडर असेल आणि तिला मागचे पट्टे लावायचं मनात असेल, तर दुकानात जायच्या आधी मागची सीट काढा, डांबर खरवडा, चाकाच्या कमानीभोवती आणि दरवाज्याखालच्या डब्याजवळ चुंबक फिरवून बघा. तो जिथे सुटेल तिथपासून खर्चाचा अंदाज घ्या, पट्ट्यांची किंमत त्यानंतर विचारा.